कोंबड्यांचे आयंबिल

"आमच्या बापूजींनी उभ्या आयुष्यात कोंबडीच्या अंगणात पाऊल ठेवले नाही."

शेठ, हे वाक्य तुमच्या चिरंजीवांचे आहे. तुम्ही गेल्यावर परवा भरलेल्या गुणानुवाद सभेत पारसने ते ध्वनिक्षेपकावरून वाचले. तुमच्यासाठी आपल्या खापर गावची निम्मी बाजारपेठ बंद होती, त्यामुळे ऐकणारेही पुष्कळ होते. आता तेच वाक्य तुमच्या स्मरणिकेत, पहिल्या पानावर, फोटोच्या खाली छापले जाणार आहे. मलाही एक पान मागितले आहे. "काका, तुम्ही बापूजींचे सर्वांत जुने स्नेही. दोन शब्द लिहा. पण ते कोंबड्यांचं तेवढं नका काढू. सगळा समाज वाचेल," असे पारसने हात जोडून सांगितले. सभेपूर्वीही त्याने हेच सांगितले होते. म्हणून तेथे मी उठलो, तुमच्या तसबिरीला नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता परत येऊन बसलो. लोकांना वाटले, म्हाताऱ्याचा कंठ दाटून आला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. या वयात भांडायला उभे राहायचे तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. ती त्या दिवशी मिळाली नाही.

आज बसून लिहितो आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. पारसने हे पान छापावे किंवा फाडून टाकावे. मात्र यातला एक शब्द इकडचा तिकडे करू नये.

तुम्ही माझ्या कोंबड्यांच्या अंगणात पाऊल ठेवले होते. एकदा नव्हे. बारा वर्षे, पर्युषणाचे दिवस आणि तुमची दुखणी सोडली तर रोज सकाळी, भर उजेडात, पांढऱ्या कपड्यांत. माझ्या परसाचे कुंपण तुमच्या जैन स्थानकाहून तुमच्या कापडाच्या दुकानाकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे. ते पाहणारे अर्धे लोक त्या सभेत माना डोलावत बसले होते, याचा मला राग येत नाही. आता राग यायलाही थोडा वेळ लागतो, आणि येईपर्यंत कशाचा होता ते विसरायला होते. ही गोष्ट मात्र विसरलेलो नाही.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मी पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होतो. गाव मला डाक्टर म्हणते आणि गावाची ती चूक मी कधी सुधारली नाही. तुम्हीही डाक्टरच म्हणत होता. पण तुमच्या तोंडी त्या शब्दाला किंचित मीठ लागलेले असायचे. मी तुम्हाला शेठ म्हणत आलो. चाळीस वर्षांत आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो नाही. दोघांनाही वाटत होते, पहिल्यांदा समोरच्याने यावे.

निवृत्त झाल्यावर मी डोंगरातून बाजाराला येणाऱ्या रमीबाईकडून चौदा गावरान कोंबड्या घेतल्या. मनुष्य खात्यातून सुटला की त्याला काहीतरी हुकमतीखाली हवे असते. मका घरचा होता. सकाळी मका, दुपारी मक्याचा भरडा, संध्याकाळी पुन्हा मका. कोंबड्यांची पोटे टम्म असत आणि ती पाहून मी खूश असे. पावसाळा सरता सरता त्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या. आधी शेपटीच्या मुळाशी, मग पाठीवर. उपटायच्या आणि गिळायच्या. दसऱ्यापर्यंत पाच-सहा जणींच्या पाठी सोललेल्या वांग्यासारख्या दिसू लागल्या.

मी उपचार केले. प्रथम उवा समजून पावडर चोळली. मग जागा अपुरी म्हणून खुराडे वाढवले. तेही लागू पडेना, तेव्हा मी निदान केले की ही वाईट सवय आहे, आणि वाईट सवयीवर खात्याचा एक जुना इलाज आहे: चोचीचे टोक छाटायचे. शेगडीवर सुरी तापवली आणि परसात पाटावर बसलो.

चौथी कोंबडी गुडघ्यात धरलेली असताना तुम्ही कुंपणाशी उभे राहिलात. तोंडावर उपरण्याचे टोक धरले होते. तुमचा आवाज अजून तसाच कानात आहे.

"डाक्टर, हाई काय करी ऱ्हायनात?"

"चोच छाटी ऱ्हायनू, शेठ. एकमेकीन्या पाठी नागड्या करी टाक्यात त्यास्नी."

तुम्ही त्या कोंबडीकडे पाहिलेत, सुरीकडे पाहिलेत, आणि म्हणालात, "मंग त्यासनी भूक बी छाटी टाका. काम पुरं व्हई जाई."

मी तुम्हाला काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यात तुमच्या धर्माचा, तुमच्या धंद्याचा आणि कोंबडीच्या अंड्याचा एकाच वाक्यात उल्लेख होता. तुम्ही निघून गेलात. मी पाचवी कोंबडी धरली, आणि का कोण जाणे, सोडून दिली. चार दिवस तुम्ही त्या वाटेने आला नाहीत. मागच्या गल्लीने दुकानात गेलात. खापरच्या मागच्या गल्लीत किती चिखल असतो हे मला माहीत आहे. तो अपमान मला नीट पोहोचला.

पाचव्या दिवशी तुम्ही कुंपणाचे फाटक स्वतःच्या हाताने उघडून आत आलात. दुसऱ्या हातात पिशवी होती.

येथून पुढचे संभाषण मी आजवर कोणाला अक्षरशः सांगितलेले नाही. कारण त्यात मी हरलो होतो.

तुम्ही विचारलेत, कोंबड्या उपटलेल्या पिसाचे काय करतात? म्हटले, खातात. "टाकी देतस का?" नाही, खातात. मग तुम्ही दुकानदार गिऱ्हाइकाला समजावतो तशा शांतपणे म्हणालात, "डाक्टर, चोर तेच चोरस, जे त्यान्हा घरमा नही. पिसमा जे शे, ते तुमना मकामा नही."

मी म्हणालो, यांची पोटे बघा, भरलेली आहेत. तेव्हा तुम्ही हसलात. मला तुमचा तो हसण्याचा प्रकार कधीच आवडला नाही. ओठ मिटलेले आणि पोट हलणारे.

"पोट भरेल नि जीव उपाशी, हाई माले शिकाडतस का? मी आयंबिल करनारा मानूस शे."

तुमच्या आयंबिलाची मी आयुष्यभर थट्टा केली. वर्षातून दोनदा, नऊ-नऊ दिवस, दिवसातून एकदाच, तेल-तूप-दूध-साखर-भाजी सारे वर्ज्य करून उकडलेले कोरडे धान्य खायचे. त्या दिवसांत मी मुद्दाम तुमच्या दुकानात जाऊन भजी खात असे. आता कबूल करतो. सहाव्या-सातव्या दिवशी पोट भरलेले असूनही भिंतीचा चुनासुद्धा चाटावासा वाटतो, असे तुम्ही त्या सकाळी सांगितलेत. आणि मग बोट रोखून म्हणालात, "तुम्हीन त्यासले बारमाही आयंबिल कराले लायेल शे. मानूस स्वतः करस तर ते तप. दुसरावर लादं तर तो पाप करस. पाप त्यासनं नही डाक्टर, तुमनं शे."

खात्यात मी छत्तीस वर्षे काढली. पिसे कशाची बनतात हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. पिसे झडून नवी येण्याच्या दिवसांत पक्ष्याला प्रथिन जास्त लागते. मक्यात ते तोकडे असते. हे सगळे मी शेतकऱ्यांपुढे व्याख्यानात बोललो होतो. माझ्याच परसात मात्र ते मला दिसले नाही, आणि ज्याने आयुष्यात अंड्याला हात लावला नाही त्याला दिसले. शेठ, याचे दुःख एवढे होते की आभार मानायला जागाच उरली नाही.

पिशवीत तिळाची पेंड होती, घाण्यावरची, हाताने फोडून बारीक केलेली. मी हट्टाने सुकट सुचवली. सुक्या मासळीत प्रथिन भरपूर असते. तुम्ही पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागलात. रमीबाईने तर वारुळातली उधई, म्हणजे जिवंत वाळवी, घालायला सांगितले होते; ते मी तुमच्यापुढे उच्चारलेच नाही. अखेर तह झाला. मका निम्म्यावर आणायचा. त्यात तिळाची पेंड, तुरीची चुणी म्हणजे डाळीचा चुरा आणि चिमूटभर मीठ घालायचे. बरोबर रोज लसूणघासाची हिरवी जुडी. या गवताच्या नावात लसूण आहे म्हणून तुम्ही ते नाव कधी घेतले नाही. "ते तीन पानवालं" म्हणत होता. ती जुडी जमिनीवर न टाकता दोरीने टांगायची, म्हणजे कोंबड्यांची चोच दिवसभर कामाला लागते, ही कल्पना माझी. तेवढे श्रेय मी कोणालाही देणार नाही, तुम्हालासुद्धा नाही.

तीन आठवड्यांत उपटाउपटी थांबत आली. दिवाळीनंतर उघड्या पाठींवर नव्या पिसांच्या नळ्या फुटल्या, कोवळ्या, टोकाला निळसर. तुम्ही वाकून पाहिलेत आणि म्हणालात, "गव्हानं शेत उगी ऱ्हायनं!" मी म्हणालो, हंगामाने आली असतील. तुम्ही ओठ मिटलेत. पोट हलले.

येथे दुसऱ्या एका खोट्या आवृत्तीचा निकाल लावतो. आमच्या गल्लीत आजही सांगतात की डाक्टरने चोची छाटल्या म्हणून पिसे वाचली. मी चौदांपैकी चारच छाटल्या होत्या. त्या चारही जणी बोथट चोचीने पुढचे पंधरा दिवस पिसे ओढतच राहिल्या. थांबल्या त्या छाटलेल्या, न छाटलेल्या सगळ्या बरोबरच, पेंड अंगी लागल्यावर. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि लोक माझे नाव घेत राहिले तेव्हा मी गप्प राहिलो. बारा वर्षे. हे वाचून कोणाला माझ्याविषयी काही वाटले तर वाटू द्या.

तुम्ही मात्र येत राहिलात. पेंड मी आणून ठेवीन म्हटले तरी ऐकले नाही. चबुतऱ्यावर कबुतरांना ज्वारी टाकायची, तेथून माझ्याकडे. दुकानात कोणी पिशवीकडे पाहिले तर "कबुतरंसले" म्हणत होता. मी एकदा टोचले की धर्मात्मा खोटे बोलतो. तुम्ही म्हणालात, "कोनी विचारं तर सांगसू. विचारतच नही कोनी." पारस, हे तुझ्यासाठी लिहिले आहे. तुझ्या वडिलांनी काही लपवले नव्हते. तू विचारले नाहीस.

कोंबडीला कसे बोलावतात हे तुम्हाला ठाऊक नव्हते. सारे खापर 'ती-ती-ती' करते. तुम्ही पहिल्या दिवशी पेंडीची मूठ धरून गोंधळून उभे राहिलात आणि दुकानाच्या गादीवरून प्रत्येक गिऱ्हाइकाला जे म्हणता तेच म्हणालात: "पधारो सा, पधारो!" माझी पत्नी सुमन हसता हसता ओट्यावर बसली. "अवो, त्या काय साडी घेवाले उन्यात का?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "भाभी, दारशी जो उना तो पाव्हना." त्यानंतर बारा वर्षे तुम्ही त्यांना पधारोच म्हणालात. सुमनची तक्रार राहिली की ती-ती करून तिचा घसा बसतो आणि कोंबड्या ढुंकून पाहत नाहीत.

आपला मोठा वाद संपला नाही. मी विचारत होतो, "शेठ, तुम्ही खावाडतस, मी कापस. पाप कोणाच्या पदरात?" तुम्ही कधी म्हणालात, ज्याच्या हातात सुरी. कधी म्हणालात, विचार करून सांगतो. परसात एखादी कोंबडी किडा टिपू लागली की तुम्ही आकाशाकडे पाहत होता. मी म्हणत होतो, वर काही नाही, जे चालले आहे ते खाली आहे. एकदा तुम्ही चिडलातही. "भूक्याले खावाडनं एवढंच माले समजस. पुढलं तुमनं तुम्ही देखा."

पुढले मी पाहिले होते, शेठ. ते तुम्हाला सांगितले नाही, ते आज सांगतो. ज्या दिवशी पहिली पेंड टाकलीत त्या दिवसापासून माझ्या परसातली एकही कोंबडी कापली गेली नाही. निर्णय वगैरे काही घेतला नव्हता. एका पाहुण्याच्या निमित्ताने सुरी घेऊन गेलो, आणि जिला धरले तिला तुम्ही सकाळीच पधारो म्हणाला होता. हात चालेना. बाजारातून आणली. बाजारातली मी अजूनही खातो, तेवढ्यापुरता वाद शिल्लक ठेवा. पण घरच्या साऱ्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, त्यांच्या पिल्लांचेही तेच झाले, आणि दरवेळी मी तुम्हाला "गेली" एवढेच सांगितले. कशी गेली ते सांगणे म्हणजे वाद हरणे. तुम्हीही विचारले नाहीत. प्रत्येक 'गेली'नंतर तुम्ही थोडा वेळ हात जोडून उभे राहत होता आणि मी पाठ फिरवून जुडी बांधत असे.

आता शेवटच्या सकाळविषयी. गेल्या माघात तुम्ही काठी टेकत आलात आणि ओट्यावर बसलात. मूठ टाकलीत. सगळ्यांवरून नजर फिरवलीत.

"डाक्टर, एक कमी शे. ती तांबडी."

तुमच्या आवाजात आरोप नव्हता. थकवा होता. पण मला आरोप ऐकू आला. मला तो नेहमीच ऐकू येतो. मी म्हणालो, "काय वाटस तुमले?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. हात जोडलेत, त्या तांबडीसाठी की माझ्यासाठी ते कळले नाही. काठी घेतलीत आणि गेलात. त्यानंतर तुम्ही अंथरूण धरले.

मी भेटायला येत होतो. तुमच्या खोलीत सुना, नातवंडे, समाजाची माणसे. तेथे कोंबडी हा शब्द काढायचा नव्हता, आणि मी तो काढला नाही. अखेरच्या भेटीत तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलेत, "डाक्टर, कबुतरं कशी शेतस?"

मी म्हणालो, "झकास शेतस. पिसं भरी गयात."

तुमच्या ओठांवर ते जुने हसू आले. पोट आता हलत नव्हते. मी सांगणारच होतो. वाक्य तयार होते, कबुतराच्याच भाषेत: त्या तांबड्या कबुतराला मुंगसाने नेले. इतक्यात पारस गोळी घेऊन आला, आणि मी उठून त्याला जागा दिली. पाच शब्द होते, शेठ. आयुष्यभर भांडताना मला शब्द कधी कमी पडले नाहीत.

मुंगसाने नेली. मागच्या बाजूची जाळी फाटली होती. मी तुमच्या पाहुणीला हात लावला नव्हता.

तुम्ही काय समजून गेलात हे मला आता कळणार नाही. कदाचित तुम्हाला सारे ठाऊक होते. बारा वर्षे तुमचे डोळे शाबूत होते आणि तुम्ही कोंबड्या म्हाताऱ्या होताना पाहत होता. कदाचित नव्हते. मी सकाळी पेंड फोडत बसतो तेव्हा दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करून पाहतो. पूर्वी दुसरी बाजू तुम्ही सांभाळत होता. आता दोन्ही मलाच ओढाव्या लागतात, आणि दुपारपर्यंत मी दमून जातो.

पारसवर माझा राग नाही. वडील शुद्ध राहावेत असे मुलाला वाटते. पण ज्या माणसाने आपला उपास आठवून दुसऱ्याची भूक ओळखली, त्याला कोंबडीच्या अंगणाबाहेर उभे करून शुद्ध करायचे असेल, तर ती शुद्धता मला मान्य नाही. तुमचे आयंबिल मला आयुष्यात एकदाच समजले, आणि ते माझ्या खुराड्यासमोर समजले. तेच पुसून टाकले तर माझ्याजवळ तुमच्या धर्माचे दुसरे काही नाही.

कोणी म्हणेल, हा म्हातारा रचून सांगतो, साक्षीदार कोण? सुमन आहे, पण ती माझी बायको, तिची साक्ष धरू नका. पेंड कोणीही आणू शकतो. पिसे तर हंगामाने येतात, हे मीच म्हणालो होतो. तेव्हा हे सगळे बाजूला ठेवा. ज्याला शंका असेल त्याने कोणत्याही सकाळी माझ्या परसात यावे, मूठभर पेंड हातात घ्यावी आणि साऱ्या खापरसारखे ती-ती करून पाहावे. तुम्ही अंथरूण धरल्यापासून सुमन ते रोज करते आहे. कोंबड्या जागच्या हलत नाहीत. तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी स्वतः फाटकाशी जाऊन उभा राहिलो, इकडेतिकडे कोणी नाही हे पाहिले, आणि तुमचा शब्द उच्चारला.

माझ्या कोंबड्या 'पधारो सा' म्हटल्यावर येतात.